दिगंबरच्या चित्राची उजवी कड

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाटोद्याच्या बाजारात होतो. "भाऊजी, हे गेले," सुमनवहिनी एवढंच बोलल्या. धारूरच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलेला हा माझा मित्र... त्याला जाऊन दीड महिना झाला. दुःख आहेच, पण त्याहून जास्त किळस आहे. ती कशाची, ते सांगतो.

शाळा सुटल्यावर तो फलकांवर पुढाऱ्यांची तोंडं रंगवायचा. स्वतःसाठी म्हणून त्याने एकच मोठं चित्र केलं. पाटावर तांब्या, भाकरी आणि कांदा. पद्धत क्यूबिस्ट, म्हणजे वस्तूचे कोनाकोनांत तुकडे आणि पुढची, मागची, वरची बाजू एकदमच समोर. मी शिंपी, मला मापात न बसणारं काही पटत नाही. मी विचारलं, "एका तांब्याला दोन तोंडं कामून रं?" ब्रश पुसत तो म्हणाला, "तू एका जागी बसून बघतूस. मी तांब्याभवती फिरलो. दिसलं तेवढं काढलं." मग हसला. "पुढाऱ्याला दोन तोंडं काढली असती, तर तुला लगेच पटलं असतं." हळूहळू तांब्याही पटला... चित्र स्वयंपाकघरात लागलं आणि वहिनी त्याच्याखाली बसून भाकरी थापू लागल्या.

शोकसभेसाठी ते हॉलमध्ये न्यायचं ठरलं, तेव्हा वहिनींची एकच अट होती. नेलं तसं परत आणा. मी पोहोचलो तर चित्र सभेला येणाऱ्या आमदारसाहेबांच्या फोटोशेजारी, त्याच मापाच्या सोनेरी फ्रेममध्ये. खटकलं, म्हणून टेप लावून बघितला. चित्राचं कापड मीच मापून दिलं होतं; रुंदी चार इंच कमी. उजवीकडची अर्धी भाकरी गेली होती आणि तिच्याखालची दिगंबरची सहीसुद्धा. सभा भरवणाऱ्या कार्यकर्त्याला विचारलं. "काका, साहेबांच्या फोटोपेक्षा मोठं दिसत होतं. अन् तसंबी तुकडे तुकडेच हायेत की, चार इंचानं काय बिघडतंय?" बाजूचे दोघे हसले. मग साहेब आले, 'दिगंबररावांची कला जिल्ह्यानं जपली पाहिजे' म्हणाले, टाळ्या झाल्या... मी कापलेली पट्टी शोधायला उठलो.

पट्टी हॉलमागे चहाच्या कागदी कपांखाली सापडली. ती पुसली, चित्र फ्रेममधून काढलं आणि पट्टीसकट वहिनींकडे नेलं. मागून कापड लावून सांधतो, जोड कळणारही नाही, असं म्हणालो. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. "न्हाई भाऊजी, जोडू नका. कळू द्या."

आता स्वयंपाकघरात चित्र आहे आणि शेजारी, चार बोटं भिंत मोकळी सोडून, ती पट्टी. परवा मी तिथे असताना तोच कार्यकर्ता आला. साहेबांच्या ऑफिसात लावायला चित्र हवं होतं. वहिनी म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." पाट बरोबर त्या मोकळ्या भिंतीसमोर मांडला आणि गरम भाकरी वाढली. त्याने एकदा वर बघितलं, मग ताटातून मान वर काढलीच नाही. हात धुतला आणि चित्राचं नाव न काढता निघून गेला.