न कापलेली पानं

शेवटच्या दिवशी आम्ही विशेष काही केलं नाही. दुपारी चारला मी सुरीने पुस्तकाची आठ पानं कापली, माझ्या बायकोने, कुसुमने ती वाचली, मी शेंगा सोलत ऐकली. रोजच्यासारखंच.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे आधीच सांगतो. चौथी शिकलोय. कलकत्त्याजवळ बजबजला तेलाच्या डेपोत फिटर होतो. पंपातून आवाज आला की पंप उघडून बघायचा, एवढंच मला कळतं. हे मी हाताने लिहिलंय, मुलाने टाइप केलंय. एक शब्द बदलायचा नाही, असं त्याला बजावलंय.

कुसुमला एका लेखकाचं वेड होतं. रानावनात हिंडणारा माणूस... कादंबऱ्याही लिहायचा, प्रवासाचंही लिहायचा. मी म्हणायचो, "कादंबरीत थापा मारल्या असतील यानं." ती म्हणायची, "माणसांबद्दल मारल्या असतील. पाखरांबद्दल नाही."

आम्ही वाचत होतो ते त्याचं प्रवासाचं पुस्तक तिच्या माहेरून आलेलं, कोणी न वाचलेलं. पानं वरून आणि बाजूने जोडलेलीच, छापखान्यात कापायची राहून गेलेली. कापल्याशिवाय आतलं दिसत नाही. मला अक्षर लावून लावून वाचावं लागतं, म्हणून कापायचं मी आणि वाचायचं तिने. रोज आठच. जास्त कापली की ओरडायची.

त्या दिवशी धनेश पक्ष्याचं चाललं होतं. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला भरवतो. दोन दिवस नर आलाच नाही... आणि पानं संपली.

"मेला का गं तो?"

"मला तरी कुठे माहीत? उद्या कापा, कळेल."

संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यातून ती परत आली नाही.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारला, मी खुर्चीत बसलो होतो. पुस्तक कपाटात. आणि तिचा आवाज आला — वाचतानाचा, धनेशाचं पुढचं. तिसऱ्या दिवशी नर आला. डाव्या पंखातलं एक पीस मोडलेलं. चोचीत उंबर नव्हतं, सरडा होता. मध्येच खिडकीसमोरून मेट्रो गेली तशी ती थांबली, गेल्यावर पुढे वाचलं. आमच्या बेहाला भागात पुलावरून मेट्रो सुरू झाल्यापासून ती तशीच थांबायची. मग आवाज बंद.

पलीकडच्या खोलीत तेराव्याला आलेला मुलगा लॅपटॉपवर होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"बाबा, आईने आधी वाचून दाखवलं असेल. विसरलात तुम्ही."

मी पुस्तक काढून त्याच्यापुढे आपटलं. "बघ. बंद आहेत ना पानं? काप."

त्याने कापली. मोठ्याने वाचायला लागला. तिसरा दिवस, पीस, सरडा... सगळं तिथे होतं.

मग म्हणतो, "माहेरी दुसऱ्या प्रतीत वाचलं असेल तिने. कधीतरी बोलून गेली असेल."

"मग 'मला तरी कुठे माहीत' असं का म्हणाली? तुझी आई खोटारडी होती?"

खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, दुःखात असं होतं. दुःखात जोडलेली पानं वाचता येतात का हो? उगाच शहाणपणा शिकवायचा.

पण खरा राग आला तो तिचा. इतकी वर्षं माझी सुरी लागत होती. आता न कापताच वाचतेस? मग मी इथे कशाला बसलोय?

हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. ज्यांना येतं असं वाटतं, त्यांनी आधी ते पुस्तक बघावं.

त्या संध्याकाळी मुलाने पुस्तक आपल्या बॅगेत भरलं. "तुम्हाला त्रास होतोय, मी घेऊन जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी ते बॅगेतून काढलं, सुरी घेतली आणि पुढची आठ पानं कापली. आठच. मग पुस्तक तिच्या खुर्चीवर ठेवलं.