जेवणानंतरची गोळी

देव्हाऱ्यात घटाशेजारी आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. घट बसल्यापासून त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

"डॉक्टरांनी जेवणानंतर घ्यायला सांगितलीय," आत्या शांतपणे म्हणाली. "मी जेवतच नाहीये, तर घेणार कधी? जरा धडधडतंय, पण ते उपासाचं असेल."

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणूनच मी धास्तावले. तिने काही मोडलं नव्हतं, सगळं पाळलंच होतं. आपल्या घरांतून बायकांना पाळायचंच तर शिकवतात. उपास पाळायचा, पथ्य पाळायचं. दोन्ही समोरासमोर आले तर कुणाचं ऐकायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग ज्याचा तिला अधिक धाक, ते जिंकतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. ही गोळी हृदयाचा वेग आवरून धरते, ते म्हणाले. ती अचानक थांबवली की हृदय उधळतं. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका, त्यांना आत्ताच घेऊन या.

घटातलं धान कोवळं, पिवळसर वर आलं होतं. रोज न चुकता पाणी घालत होती ती त्याला.

रिक्षात मी तिचं मनगट धरून बसले. हिरव्या बांगड्यांखाली नाडी नुसती धावत होती.

"उपास मोडायला नको सांगू हं," ती हळूच म्हणाली. "तुझ्या बाळंतपणासाठी धरलाय."