चित्रांतला मुलगा मी होते

माझे लहानपणचे फोटो फारसे नाहीत. चित्रं मात्र भरपूर आहेत, आणि बहुतेकांत मी मुलगा आहे. आई मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. भांडुपच्या आमच्या खोलीत तिला मॉडेल कोण मिळणार? मी शाळेतून आले, दप्तर टाकलं, की मला उभं केलं जायचं. राजपुत्र, गुराखी, आंबे चोरणारं पोर, एकदा तर ओणवा उभा राहिलेला कोल्हासुद्धा. 'हात वर कर गो. हलू नको.' हात वर, एक पाय पुढे, नजर पंख्याकडे. पायाला मुंग्या यायच्या. शेजारणी दारातून डोकावून विचारायच्या, पोरीला कसली शिक्षा केलीस? आई कागदावरून मान न उचलता म्हणायची, 'शिक्षा न्हय, काम करता ती.'

त्यातलं एक पुस्तक खूप चाललं. शाळेची हरवलेली घंटा शोधायला निघालेल्या मुलाची गोष्ट. शेवटी तो डोंगरावर उभा राहून घंटा वाजवतो. तो मुलगा म्हणजे पालथ्या बादलीवर उभी असलेली मी, आणि घंटा म्हणजे आमचा तांब्या. लेखक एकदा घरी आले होते. आईला म्हणाले, 'अगदी माझ्या मनातला मुलगा उतरवलात.' मग चहा घेऊन आलेल्या मला विचारलं, 'तू कितवीत आहेस गं?' स्वतःच्या नायकाला त्यांनी ओळखलं नाही. मला तेव्हा फार मजा वाटली होती.

पुढे मी बालसाहित्याचीच अभ्यासक झाले. मुलांसाठी लिहिणारी माणसं जवळून पाहिली. काहींना मुलांचा आवाज सहन होत नाही. एक गृहस्थ नातवाला गॅलरीत कोंडून निरागसतेवर लेख लिहीत. त्यांचा मला राग येत नाही. खडूस माणसानं गोड गोष्ट लिहू नये असं थोडंच आहे? राग येतो तो समारंभांचा. समोर सगळी पांढरी डोकी, आणि व्यासपीठावरून हाक 'बालमित्रांनो'. विस्मय, निरागसता, भावविश्व हे शब्द मीही इतके वापरलेत की आता ते तोंडून निघाले तरी आत काही हलत नाही. गेली काही वर्षं असंच चाललंय. पुस्तकं वाचते, टिपणं काढते, स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. हसू येत नाही आणि धड कंटाळाही येत नाही. डॉक्टरकडे जावं इतकं काही दुखत नाही, म्हणून जात नाही.

यंदा प्रकाशनाकडून फोन आला. नवा संपादक, उत्साही. म्हणाला, 'मॅडम, घंटावाल्या पुस्तकाची नवीन आवृत्ती काढतोय. टेक्स्टला हात नाही लावत, ते क्लासिक आहे. फक्त चित्रं फ्रेश करतोय. आताच्या मुलांना ती जुनी चित्रं नाही ना चालत. तुम्ही प्रस्तावना द्या. तुमचा विषयच आहे, आणि आईंचं पण कनेक्शन आहे.'

आईची परवानगी लागणार नव्हती. चित्रं तेव्हाच एकरकमी विकलेली. मी 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवून भात टाकला. काही वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

पण आईला सांगणं भाग होतं. तिच्या कामातलं तेवढंच एक पुस्तक जिवंत आहे. बाकीची कधीच रद्दीत गेली. हे अजून दुकानात आहे, म्हणून आपण अजून चित्रकार आहोत असं ती धरून चालते. हात कापायला लागल्यापासून तिनं पेन्सिल धरलेली नाही, तरी कोणी आलं की आवर्जून सांगते, 'दुकानात मेळता हां अजून.' उद्यापासून दुकानात मिळेल ते दुसरंच पुस्तक असेल, हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? अभ्यासकांकडे अशा वेळी वाक्यं तयार असतात. काळाबरोबर दृश्यभाषा बदलते, वगैरे. आईकडे जायला मुलुंडहून रिक्षात बसल्यावर मी ती मनात म्हणून पाहिली, आणि मलाच माझा वीट आला.

प्रकाशनानं पाठवलेली नमुना प्रत मी तिच्या मांडीवर ठेवली आणि सरळ सांगून टाकलं. 'आई, त्यांनी तुझी चित्रं काढून टाकली. दुसरी घातलीत.'

तिनं भिंग मागितलं. एकेक पान उलटत डोंगरावरच्या मुलापाशी आली. नवा मुलगा छान होता. मोठे डोळे, लाल बूट, हातात खरीखुरी घंटा.

'ह्यो झील असो कसो उभो रवलो?' ती म्हणाली. 'पडात मरे.'

मी वाट पाहिली. रडली असती, प्रकाशकाला शिव्या घातल्या असत्या, तर मला काहीतरी करता आलं असतं. पाणी तरी आणलं असतं. तिनं विचारलं, 'कोणी काढल्यान?'

'बोरिवलीची एक मुलगी आहे.'

'तिचा नाव खंय आसा?'

मी पुस्तक मिटून वरची बाजू तिच्यासमोर धरली. लेखकाच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्या मुलीचं नाव होतं. आईच्या काळी चित्रकाराचं नाव आत, छापखान्याच्या पत्त्याखाली यायचं, 'सजावट' या शब्दापुढे, आणि बऱ्याचदा तेही राहून जायचं.

'कव्हरार?' ती म्हणाली. भिंग बाजूला ठेवून तिनं त्या नावावरून बोट फिरवलं. 'वाच बघू.'

मी वाचलं.

'परत वाच.'

परत वाचलं. 'बरा झाला,' ती म्हणाली. तिला खरोखरच बरं वाटलं होतं. तोंडावर दिसत होतं. 'तू प्रस्तावना लिवतलंस मां? मगे तिचा नाव पयल्याच ओळीत घाल.'

'आणि तुझं?' मी विचारलं.

'माझा कशाक?' आई म्हणाली. 'माझी चित्रां खंय आसत त्येच्यात?'

तिचं बरोबरच होतं. तिची चित्रं त्यात कुठेच नव्हती. मला रडू आलं. इतक्या वर्षांनी येत होतं म्हणून मी ते आवरलं नाही. आईनं पुन्हा भिंग उचललं आणि त्या मुलीची राहिलेली पानं बघायला लागली.