माया एकाच बाजूला

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे कात्री म्हणतात. एक तर ती गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतते, शिवते. आणि दुसरं, तिची जीभही तशीच चालते. कापडाच्या धुळीने खोकला जडला तेव्हा तिने ठरवलं, आता उरलेली वर्षं झाडांत काढायची. सार्वजनिक बागेच्या रोपवाटिकेत एक जागा रिकामी व्हायची होती, पण त्यांना उद्यानविद्येचं प्रमाणपत्र हवं होतं. वर्ग रविवारी, बाकी सहा दिवस कारखाना.

सासूबाई म्हणाल्या, चाळिशी लागली आणि हिला शाळा आठवली. कात्रीने चष्मा पुसून डोळ्यावर चढवला आणि पुस्तक उघडलं.

संध्याकाळी मी भाजी चिरता चिरता प्रश्न विचारायची, ती भांडी घासत उत्तरं द्यायची. लेखी परीक्षेची तिला धास्ती नव्हती. घोडं अडलं ते कलमांवर. रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याची काडी बांधून पाच कलमं करायची, आणि परीक्षेच्या दिवशी त्यांतली तीन जगलेली दाखवायची. नाहीतर वर्ष फुकट. रोपवाटिका काही वर्षभर थांबणार नव्हती.

पहिली पाचही वाळली. दुसऱ्या खेपेलाही तेच. काप स्वच्छ, पट्टी घट्ट, पाणी वेळेवर, तरी काड्या काळ्या पडायच्या. भावजी म्हणाले, शर्ट बिघडला तर उसवता येतो, झाड कसं उसवणार?

शेवटी तिने एक मेलेलं कलम शिकवणाऱ्या सरांपुढे नेऊन ठेवलं. त्यांनी पट्टी सोडली आणि विचारलं, काडी बरोबर मधोमध का बसवलीत?

“दोन्हीकडे सारखी माया सोडली, सर.”

सरांना कळेना. शिवणीच्या कडेला जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो, हे तिने समजावलं. सर हसले. मग त्यांनी दाखवलं, की जीव असतो सालीच्या लगेच आत. खुंट जाड आणि काडी बारीक असली, की मधोमध बसवून भागत नाही. एका कडेला सरकवायची, सालीला साल भिडली पाहिजे. दुसरी बाजू उघडी राहिली तरी चालेल.

घरी हे ऐकून भावजी म्हणाले, “एकाच बाजूला माया? ते आईला विचारायचं होतं, आम्ही दोघे भाऊ जन्मभर तेच बघतोय.” सासूबाईसुद्धा हसल्या.

समजणं सोपं होतं, पण हात ऐकेना. वीस वर्षं मध्य काढायची सवय. जेवणाच्या सुट्टीत ती टाकाऊ फांद्यांवर सराव करायची. एका आठवड्यात हात इतका वळला, की तिने शर्टाचा खिसाच एका बाजूला सरकवून शिवला. मुकादमाने तो सगळ्यांसमोर उंच धरला. तिने तो उसवला, आणि घरी येऊन मला म्हणाली, “ताई, जमायला लागलं बरं का.”

हंगाम संपता संपता तिने शेवटची पाच बांधली. मी रोज देवापुढे दिवा लावताना एवढंच म्हणायची, हिच्या हाताला यश दे.

परीक्षेला कुंड्यांचा खोका धरायला मी बरोबर गेले. दोन कलमांना पालवी होती. तिसऱ्याचा डोळा नुसता फुगलेला. परीक्षक म्हणाले, ही काडी काही फुटलेली नाही.

“नख लावून बघा, सर. मेली असेल तर मी आपणहून घरी जाते.”

त्यांनी काडीवरची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. तरी त्यांचं समाधान होईना. “माझ्यासमोर एक बांधा,” म्हणाले.

तिने काप घेतला, काडी तासली, आणि हात सरळ मध्यावर गेला. मी मनात देवाचं नाव घेतलं. ती थांबली. “अगं, हा कारखाना नव्हे,” असं स्वतःशीच पुटपुटली आणि अंगठ्याने काडी कडेला सरकवली. सालीला साल लागली. पट्टी बांधून झाली तेव्हा परीक्षकांनी तिच्या नावापुढे लिहिलं, तीन.

दारातच सासूबाईंनी विचारलं, “किती जगली?”

“तीन. पास झाले.”

“आणि उरलेली दोन?”

“त्यांना अजून पाणी घालतेय,” कात्री म्हणाली, आणि खोका घेऊन गॅलरीत गेली.