कपिलेची जाहीर माफी

"गाईची माफी माग आणि विषय संपव," सर फोनवर म्हणाले.

मी शेलूबाजारला जीपची वाट बघत उभी होते. कुठल्या गाईची, असं मी विचारलं. सर म्हणाले, पत्रकावरच्या. गावातल्या एका गृहस्थांचं म्हणणं आहे की ती त्यांचीच गाय आहे. आज ग्रामपंचायतीत बैठक आहे. तक्रार जिल्ह्याला गेली तर प्रोजेक्ट बंद, तेव्हा काय ते तिथेच मिटव. मी म्हटलं, पत्रकात चूक काय आहे ते सांगा, मग माफी मागते. सरांनी फोन ठेवला. ज्याचं बरोबर असतं त्या माणसाशी बोलायला सरांना कधीच वेळ नसतो.

मी एका छोट्या संस्थेत बालपोषणाच्या मोहिमेवर फील्ड वर्कर आहे. गावोगाव जायचं, दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या आयांना भेटायचं, पत्रकं वाटायची, अहवाल लिहायचे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की लोक मजकूर वाचत नाहीत, चित्र बघतात. म्हणून मी चित्र मोठं केलं. पांढरी गाय, तिच्यावर लाल फुली. 'एक वर्षाच्या आत नको' ही ओळ खाली बारीक अक्षरात. एक पत्रक मी मारुतीच्या देवळासमोरच्या भिंतीवर चिकटवलं, कारण तिथे सगळे थांबतात. सगळे थांबले. ट्रेनिंगमध्ये सांगितल्याप्रमाणे त्यांनी चित्र तेवढं बघितलं.

त्या पत्रकात काय होतं ते सांगते, कारण अजूनही कोणी विचारत नाही. आईचं दूध असेल तर तेच. काही कारणानं ते देता येत नसेल तर वर्ष भरेपर्यंत फॉर्म्युला, म्हणजे बाळांसाठीच बनवलेलं डब्याचं दूध. सहा महिन्यांनंतर सोबत वरण, खिचडी, भाज्या. गाईच्या दुधात लोह फार कमी असतं. त्यानं पोट भरतं, मग बाळ खिचडी खात नाही, आणि रक्त कमी होतं. त्यातली प्रथिनं आणि क्षार तान्ह्या मूत्रपिंडांना जड जातात. खिचडीत चमचाभर दूध पडलं तर काही बिघडत नाही. पण मुख्य दूध म्हणून गाय वर्षानंतरच. एवढंच. यात गाईबद्दल एकही वाईट शब्द नाही.

गाव आसेगावच्या पुढे आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या विश्वासराव आबांची भाजीची बागाईत आहे, आणि तेव्हा आठ महिन्यांचा असलेला नातू, शिवांश. त्याची आई प्रिया हिला बाळंतपणानंतर एका आजारावर अशी औषधं चालू झाली की डॉक्टरांनी अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं. बाळ डब्याच्या दुधावर चांगलं वाढत होतं. मग आबांनी नातवासाठी कपिला नावाची गाय आणली. नातवाच्या नावानं आणली, पूजा केली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून डबा फळीवर आणि बाळाच्या बाटलीत कपिलेचं दूध, वरून पाणी घालून.

दोन महिन्यांत पोर पांढरं पडलं. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेनं, मला फोन केला. आम्ही प्रियाला आणि बाळाला आरोग्यकेंद्रात नेलं. रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले आणि सांगितलं की गाईचं दूध बंद, डबा पुन्हा सुरू, वर्ष भरेपर्यंत. पुढच्या तपासणीत रक्त आणखी खाली गेलं तर वाशीमला भरती करावं लागेल. मी हे सगळं आबांना नीट सांगितलं, दोनदा. आबांनी थेंब चालू ठेवले. गाय बंद केली नाही. गाय नातवाची होती, ती कशी बंद करायची.

त्यात देवळासमोर फुली मारलेली गाय दिसली. ती कपिलेसारखी पांढरी होती. जगातल्या निम्म्या गाई पांढऱ्या असतात, पण हे कुणाला सांगणार.

बैठकीला खोली भरली होती. सरपंचबाई घरी होत्या, त्यांचे यजमान खुर्चीवर होते. याबद्दलचं पत्रक मी वेगळं काढणार आहे. ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसले होते. प्रिया बाळाला घेऊन दारापाशी उभी होती, तिला कोणी आत बोलावलं नव्हतं. कपिला वासरासकट बाहेर कडुलिंबाला बांधलेली होती, बहुधा साक्षीदार म्हणून.

आबांनी सुरुवात केली. "माह्या गाईवर फुली मारली ह्या पोरीनं. फुली कोणावर मारतेत? जहराच्या शिशीवर मारतेत."

मी म्हटलं, फुली गाईवर नाही, वयावर आहे. मागून कोणीतरी म्हणालं की मंग वयाचं चित्र काढायचं होतं ना म्याडम. लोक हसले. वयाचं चित्र कसं काढतात हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

"तुमी डबेवाल्या कंपनीच्या," आबा म्हणाले.

इथे मी भडकले. मी म्हटलं, डबेवाली कंपनी मला चहासुद्धा पाजत नाही. आईचं दूध असलेल्या घरी डबा दिसला तर मी त्या घराशीही भांडते. ते खरं आहे, आशाताईंनी मान डोलावली.

मग सरपंचांचे यजमान म्हणाले की वाद फक्त वर्षाचा आहे ना, मग पोट्ट्याचं वर्ष मोजून घेऊ. मला वाटलं, चला, अक्कल आली. जन्मदाखला माझ्या फाइलमध्ये होता. आठ महिने, चार दिवस. पण दाखला कोणी मागितला नाही. पंचांग मागितलं.

यंदा अधिक महिना होता. एका म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं की अधिकातलं दान दुप्पट लागते, तर लेकराची वाढ भी दुप्पट धरा. नऊ झाले. कोणीतरी म्हणालं, इंग्रजी महिने मोठे असतेत, आपल्या तिथीनं मोजा. साडेनऊ. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले एक काका म्हणाले, "आन् पोटातले नऊ कुठी गेले? थे काय फुकट राह्यला होता तिथं?"

इतका बिनतोड मुद्दा त्या पंचायतीत बरेच दिवस आला नसावा. बेरीज झाली. शिवांश दीड वर्षाचा भरला.

"मंग ठराव घ्या," यजमान म्हणाले.

ग्रामसेवक खरोखर लिहायला लागले. कुमार शिवांश यांस एक वर्ष पूर्ण झाल्याचे सर्वानुमते ठरले. त्यांनी सूचक विचारला, अनुमोदक विचारला, दोघेही मिळाले. मग त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "म्याडम, हे कोणत्या तारखेपासून लागू धरायचं?"

मी म्हटलं, साहेब, बाळाचं रक्त ठराव वाचत नाही. हे वाक्य मला फार आवडलं. खोलीत कुणालाच आवडलं नाही. आबा उठले. "पयले माफी. मंग बोल."

सरांचा हुकूम होताच. आम्ही बाहेर आलो. कोणीतरी हळदीकुंकवाचं ताट आणून माझ्या हातात दिलं. मी रागानं लाल झाले होते. डॉक्टरांचा कागद पिशवीत, आणि मी गाईसमोर ताट घेऊन उभी. मी कपिलेच्या कपाळाला हळद लावली. कुंकू लावलं. आणि माझ्या लक्षात आलं की सगळं अंगण गप्प आहे. पुरुषांनी टोप्या नीट केल्या होत्या. आत खोलीत मला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं यांनी. इथे, गाईशी बोलणाऱ्या बाईला, कोणीही मधे तोडणार नव्हतं.

मग मी बोलले. गाईशीच.

"कपिले, माफ कर. माझं चित्र चुकलं. तुझ्यात खोट नाही. पण तुझं दूध तुझ्या वासराच्या मापाचं आहे. वासरू दोन महिन्यांत केवढं झालं बघ. उड्या मारून राह्यलं. त्याला तेवढं वाढायचंच असतं, म्हणून तुझ्या दुधात तसं भरलेलं असतं. माणसाचं पोर आठव्या महिन्यात नीट उभंही राहत नाही. त्याला ते झेपत नाही. त्याला लोह पाहिजे, ते तुझ्याकडे नाही. त्यात तुझा दोष काय. दोन महिने तू दिलंस आणि पोर पांढरं पडलं. त्याचं पाप तुझ्या नावावर लागू नये, एवढंच मला म्हणायचंय."

हे सगळं पत्रकात होतं. शब्द थोडे वेगळे होते.

आबांनी पागोट्याचं टोक हातात धरलं होतं. ते वासराकडे बघत होते. वासरू खरंच मस्तावलेलं होतं, दाव्याला हिसके देत होतं. मग त्यांनी दारातल्या प्रियाकडे, तिच्या खांद्यावर मान टाकून पडलेल्या नातवाकडे बघितलं. मला त्यांनी एक शब्द विचारला नाही. तेही गाईशीच बोलले.

"कपिले, किती दिवस म्हन्ते हे?"

"चार महिने," मी गाईला सांगितलं.

"आन् मंग?"

"मग उकळून, साय न काढता, पाणी न घालता. बाटलीनं नाही, पेल्यानं. आधी थोडं थोडं मिसळून. दिवसाला दोन पेले, त्याच्या वर नाही, नाहीतर पोर जेवणार नाही. आणि तेव्हा डबा फेकून द्यायचा. वर्षानंतर डब्याची गरज नाही."

आबांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "थांबशीन का व चार महिने?"

गाय शेपटी हलवत होती, माश्या बसत होत्या. आबांनी तो होकार धरला. "थांबते म्हन्ते," ते लोकांना म्हणाले. लोकांनाही ते मान्य झालं. ग्रामसेवकांनी विचारलं की मग ठरावाचं काय करू. यजमानांनी तो तहकूब केला. म्हणजे कागदोपत्री शिवांशचं वय अजून विचाराधीन आहे.

जाताना प्रिया माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, गाईले विचारलं त्याहीनं, थांबशीन का म्हून. दोन महिने मी सांगून राह्यली होती, मले कोणी नाई विचारलं."

 

त्या संध्याकाळी डबा फळीवरून खाली आला. आशाताई दर आठवड्याला जाऊन बघत होत्या: उकळून कोमट केलेलं पाणी, डब्यावर लिहिलंय तेवढीच पावडर, थेंब, मुगाची खिचडी, पालक. पुढच्या तपासणीत रक्त वर आलं होतं. वाशीमला जावं लागलं नाही. वाढदिवसाला मी गेले तेव्हा शिवांश भिंत धरून उभा होता आणि पेल्यातलं दूध निम्मं पीत होता, निम्मं सांडत होता. कपिलेचं दूध तोवर उतरलं होतं, पण दोन पेल्यांपुरतं होतं. त्याला तेवढंच लागतं. आबा मला म्हणाले की मी आधीच सांगत होतो, वर्षाच्या आत नको. मी वाद घातला नाही, आणि हे माझ्यासाठी सोपं नव्हतं.

आमच्या मासिक अहवालात एक रकाना असतो: समुपदेशन कोणाचे केले. मी लिहिलं, गाय एक, आजोबा एक. सरांनी फोन करून विचारलं की हा काय प्रकार आहे. मी म्हटलं, क्रमानं लिहिलंय.