निळ्या पेन्सिलीखालची ओळ

आमच्या कॉलेजात ऑनर्सच्या मुलांना दर सोमवारी एक पत्रक मिळतं. पानं दोनच. पहिल्यावर बातम्या, म्हणजे कुणाचा निबंध कुठे छापून आला, कुणाला कुठे प्रवेश मिळाला. दुसऱ्यावर संधी: शिष्यवृत्त्या, उन्हाळी शिबिरं, प्रयोगशाळेतली कामं. ते पत्रक तयार करणाऱ्या बाईंना मुलं संधीताई म्हणतात. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसतो आणि त्या लिहून देतात ते टाइप करतो. तेवीस वर्षं झाली. मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. एक खिडकी, एक लोखंडी कपाट, दोन टेबलं. खिडकीबाहेर मोठं झाड आहे. दुपारी त्याच्या पानांच्या सावल्या ताईंच्या कागदांवर हलत असतात, आणि त्या कागद सरकवायच्या ऐवजी त्यांच्याकडे बघत बसतात. मी किती वेळा म्हटलं, पडदा लावा. ऐकतील तर शपथ.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. गुरुवारी आलेल्या सूचनांचा गठ्ठा समोर घ्यायचा. प्रत्येक सूचनेच्या तळाशी ‘कर्मचाऱ्यांसाठी’ असा एक भाग असतो. शिक्के कुठे मारा, फॉर्म कुणाकडे द्या, असलं सगळं. पत्रक मुलांचं, तेव्हा तो भाग मुलांच्या कामाचा नाही. तो न वाचताच निळ्या पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत काट मारायची. मग उरलेलं सावकाश, एकेक शब्द चघळत वाचायचं. त्यातलं पत्रकापुरतं उतरवून दिलं की मूळ कागद माझ्या फायलीत.

आणि वाचता वाचता त्या जायच्या. म्हणजे खुर्चीतच असायच्या. चष्मा कपाळावर, डोळे अर्धे मिटलेले. पंधरा-वीस मिनिटांनी परत यायच्या आणि सांगायच्या, आज डोंगरावरच्या वेधशाळेत होते, काय थंडी होती हो भाऊ. मी म्हणायचो, स्वेटर घालून जायचं मग. त्या म्हणायच्या, घाईत राहिलाच. एवढ्या गंभीरपणे म्हणायच्या की मीसुद्धा क्षणभर त्यांच्या हातांकडे बघायचो, गारठलेत का म्हणून.

सगळ्यात जास्त त्या बेटावर जायच्या. तिथे एक पक्षी-केंद्र आहे. उन्हाळ्यात सहा आठवडे पक्षी मोजायला आमच्या ऑनर्समधून दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला बोलावतात. राहायचं जुन्या दीपगृहाच्या खोल्यांत. अकरा वर्षं ती सूचना येत होती आणि अकरा वर्षांत ताईंना ते बेट पाठ झालं होतं. एकशे चौदा पायऱ्या, लाकडी धक्का, पहाटे पांढऱ्या पक्ष्यांचा गलका. या बाईंनी समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर. आधी अंथरुणाला खिळलेले वडील, मग आई. सुट्टी घेतली ती दवाखान्यासाठी. आता घरात त्या एकट्याच. येत्या हिवाळ्यात निवृत्त होणार होत्या.

आता माझं सांगतो. चार वर्षांपूर्वी ताई जागेवर नसताना केंद्रातून फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, तुमच्याकडून मूल येतं, पण सोबत कर्मचारी कधीच का येत नाही? आमच्या पत्रात दरवर्षी लिहिलेलं असतं की. मी फाइल काढली. निळ्या रेघेखाली, तिसरी ओळ: विद्यार्थ्यासोबत विभागातील एक कर्मचारी निरीक्षण-सहायक म्हणून येऊ शकेल, राहण्याची सोय केंद्राकडून, एका सहकाऱ्याची शिफारस आवश्यक.

ताईंनी स्वतःच्या हाताने, दरवर्षी न चुकता, स्वतःचीच वाट खोडली होती.

फोनवर मी म्हणालो, आमच्याकडे कुणाला वेळ नसतो. आणि मूग गिळून बसलो. का? पत्रक माझ्या गळ्यात पडलं असतं, हे एक. दुसरं खरं कारण सांगायला मला आजही जड जातं. समोरच्या खुर्चीत कुणी नाही, वेधशाळेतून कुणी थंडीने कुडकुडत परत येत नाही, अशी ती खोली सहा आठवडे मला नको होती. माझ्या घरी माझ्याशी बोलणारं कुणी नाही. त्यानंतर दर उन्हाळ्याआधी ताई बेटावरून परत आल्या की मी मान खाली घालून टाइप करायचो.

यंदा बेटासाठी जिची निवड झाली तिला आम्ही चिमणी म्हणतो. आवाजच तेवढा. वहीच्या समासात पक्ष्यांच्या चोची काढते. निवड झाली त्या दिवशी ताईंनी तिला शेजारी बसवून सगळं बेट दाखवलं होतं. धक्क्यावर शेवाळ असतं, जपून पाय टाक, इथपर्यंत. तीच चिमणी एका बुधवारी दारात उभी राहिली आणि म्हणाली की तिला जाता येणार नाही. आई एकटीला पाठवायला तयार नाही. ओळखीचं कुणी बरोबर असतं तर चाललं असतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा गेली.

ताई उठून तिच्याजवळ गेल्या. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, “सोबतीची सोय नसते गं तिथे. असती तर मी पहिल्याच वर्षी पत्रकात घातलं नसतं का?”

पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईंच्याही. सावल्या टेबलावर हलत होत्या. अजून दोन दिवस गप्प बसलो असतो तर मी कायमचा सुटलो असतो. पुढच्या वर्षी ताई नोकरीतच नसत्या. मी उठलो, कपाट उघडलं आणि फाइल त्यांच्यासमोर ठेवली. ओळीवर बोट ठेवलं.

ताईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. निळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिल्या, जणू ती पुसली जाणार होती.

“तुम्हाला कधी कळलं?”

“चार वर्षं झाली.”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ओरडाआरडा समजतो. चिमणी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. ताईंनी कोरा कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“सहकाऱ्याची शिफारस लागते,” त्या म्हणाल्या. “सहकारी तुम्ही एकटेच आहात. लिहा.”

मी लिहिली. इतकी वर्षं दुसऱ्यांचं टाइप करणारा मी, हाताने लिहायला बसलो तर दोन तास लागले. त्या जाईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. निघायच्या दिवशी मात्र दारातून वळल्या आणि म्हणाल्या, स्वेटर घेतलाय. मी खिडकीकडे तोंड केलं. काय करणार?

आता पत्रक मी करतो. परवा पहिल्यांदाच तो गठ्ठा घेऊन बसलो. निळी पेन्सिल त्यांनी टेबलावर ठेवली होती, पण मी ‘कर्मचाऱ्यांसाठी’ आधी वाचतो. दुपार झाली, सावल्या आल्या, आणि फायलीतल्या बेटाच्या सूचनेवर माझी नजर कुठे लागली कोण जाणे. धक्क्यावर दोघी उभ्या होत्या. वारा सुटला होता. ताई पक्षी मोजायचं सोडून समुद्राकडेच बघत होत्या आणि चिमणी त्यांना आकडा विचारत होती. मी परत आलो तेव्हा चहा गार झाला होता, आणि कुठे गेलो होतो ते सांगायला समोर कुणी नव्हतं.

मग बातम्यांचं पान घेतलं. सगळ्यात वर लिहिलं की आपल्या विभागाच्या ताई बेटावर पोचल्या, आणि त्यांनी समुद्र पाहिला. ही बातमी मुलांच्या कामाची नाही. नियमाप्रमाणे काटायला हवी होती. मी ती तशीच छापायला दिली.