साहेबांचा चहा आणि काकांचं चाक

विमान खाली यायला लागलं, खिडकीतून बघतो तर ऊसच ऊस. म्हटलं, फसवलं! आकाशात गोल गोल फिरवून परत कोल्हापुरातच आणून सोडलं. मग उसाच्या कडेला समुद्र दिसला तेव्हा पटलं, की हे मॉरिशसच. आमच्याकडं समुद्र नाही.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या भजनी मंडळाला तिथल्या मराठी लोकांनी बोलावलं होतं. मी टाळ वाजवतो. बुवांचं म्हणणं, मी गप्प बसलो की भजन जास्त रंगतं. म्हणून मंडळ राहिलं शहरात आणि मला पाठवलं लांब, कार्तिए मिलितेरच्या पुढच्या खेड्यात, गुणाजीकाकांच्या घरी.

बसमधून उतरलो तर काका छत्री घेऊन उभे. "की मान्येर (कसं काय), पावणं?" त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला इकडं आलेले. काकांचं मराठी माझ्या आजीसारखं, मधेच क्रेओल (तिथली बोली). मला शंका आली, हा माणूस खरंच मराठी आहे की माझी पिशवी लांबवायला शिकलाय? पिशवी मी पोटाशी धरली. तेवढ्यात पाय घसरला आणि पिशवीसकट ओढ्यात बसलो.

त्यामुळं काकांचं चाक मला घराआधी दिसलं. ओढ्याच्या धारेवर फिरणारं लोखंडी चाक, साखर कारखान्याच्या मोडीतनं जमवलेलं. त्याला डायनामो. त्यावर काकांचं घर उजळायचं, देऊळ उजळायचं, शिवाय शेजारची काही घरं. शेजारी पैसे देत नसत. काकांचा ऊस तोडायचा आला की सगळे कोयते घेऊन हजर. आमच्याकडं याला सावड म्हणतात.

"आता सरकार दर ठरवनार," काकू चुलीपाशी म्हणाल्या. "आमची सगळी कुराँ (वीज) सरकारी तारेला इकायची. शेजाऱ्यांनी तिकडून इकत घ्यायची."

"मग सावड?"

"तीच तर बुडनार," काका म्हणाले. "उद्या साहेब इचारायला येतोय, आमचं मत काय. इचारतो म्हंजे ठरवून आलाय."

दुसऱ्या दिवशी बैठकात (गावाच्या सभेच्या खोलीत) सगळे जमले. साहेब टाय लावून, फडाफडा क्रेओल बोलत होता. बोलणं सुरू व्हायच्या आधीच त्याच्या माणसानं चहा आणि गातो पिमाँ (आपले डाळवडेच) फिरवले. कोणी हात लावेना. मला वाटलं, बिचारे लाजतायत. आणि फुकटचं वाया गेलं की माझ्या जिवाला लागतं. मी काकांच्या शेजारी बसलेला. माझा चहा प्यालो, मग काकांचा पण प्यालो.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. समोरचा एक म्हातारा काकांकडं बघून म्हणाला, "गुणाजी, तुज्या घरचं ठरलं वाटतं."

काकांचा चेहरा उतरला. वाटेत त्यांनी सांगितलं. सोयरिकीचं असो की जमिनीचं, बोलणी पुरी व्हायच्या आत समोरच्याचं पाणीही घ्यायचं नाही. घेतलं म्हणजे कबूल.

"काका, आमच्याकडं मुलगी बघायला गेलं की आधी पोहे खातात आणि मग नाही म्हणतात."

"म्हनून तुमी कोल्लापुरातच राह्यलात," काका म्हणाले.

संध्याकाळी शेजारी अंगणात आले, पण काकूंचा चहा कोणी घेईना. त्यांना वाटलं, काकांनी आतून साहेबाशी जमवलंय आणि मला मुद्दाम मुंबईमार्गे मागवलंय. मला स्वतःलाच माझा संशय यायला लागला.

काकूंनीच तोड काढली. "साहेबाला आपल्या घरी बोलवा. तो आपलं पानी प्याला की फिटलं."

दुसऱ्या दिवशी साहेब आला, चाक बघितलं, ओट्यावर बसला. मागे सगळा गाव. काकूंनी पाण्याचा पेला ठेवला. साहेबानं पटकन पेल्यावर तळहात ठेवला.

काका हसले. मराठीत विचारलं, "कोनाच्या घरचे तुमी?"

साहेबानं टाय सैल केला. मग अडखळत मराठीत म्हणाला, "आजीकडून... फ्लाकचे मराठी."

"म्हंजे काल चहा वाटलात तो जानून-बुजून."

मागून म्हातारा ओरडला, "आजीनं हेच शिकवलं का रे?" साहेबाचे कान लाल. काका म्हणाले, "दर इकनाऱ्याला लावा. मी इकत नाय, वाटतो. एवढं लिवा आनि प्या."

साहेब म्हणाला, "वर सांगतो." पेला उचलला, तोंडाला लावला. गावानं टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात मी. शेजाऱ्यांनी काकूंकडं चहा मागितला.

परतीच्या बसपाशी माझ्यानं राहवलं नाही. "काका, त्यानं नुसती मिशी भिजवली. पेला भरलेलाच होता."

"मीबी बगितलं," काका म्हणाले. "म्हनून पुढल्या आठवड्यात जेवायला बोलावलंय. पीत नाय तोवर बोलावनार. तोवर चाक फिरतंय."

विमानात पाण्याचा ग्लास आला, मी त्यावर हात ठेवून बसलो आणि घसा कोरडा घेऊन घरी पोचलो. बायकोनं दारातच चहा पुढं केला. असा चहा तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच पुढं केला होता. मी म्हटलं, "आधी सांग, काय ठरवलंयस?"

"काही नाही. प्या, निवेल."

मी मिशी भिजवली आणि कप खाली ठेवला.

ती कपात वाकून बघायला लागली.